रोझीबाईंचा घसा

रोझीबाई साळवे मॅचला ओरडायला लागल्या की पलीकडच्या दवाखान्यातले पेशंट उठून बसतात, असं नगरच्या कॉलेजातली पोरं म्हणायची. बाई तशा अंगानं किडकिडीत, उंचीनं बेताच्या. मिशनच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि वर्गात त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जेमतेम पोचायचा. पण कॉलेजच्या मैदानावर फुटबॉलची मॅच लागली, आणि चुन्याच्या रेघेपाशी छत्री रोवून बाई उभ्या राहिल्या, की हा आवाज ह्याच बाईंचा, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नसे.

हे वेड त्यांना कॉलेजात असतानाच लागलं. तेव्हा मुलींनी मॅच बघायची ती लायब्ररीच्या व्हरांड्यातून, तीही पुस्तक हातात धरून. एकदा आपली टीम सात गोल खाऊन बसली होती, निम्मे लोक उठून गेले होते, आणि तरी आपला एक बॅक लंगडत लंगडत बॉलमागं धावतच होता. रोझीबाईंनी पुस्तक मिटलं, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या आणि सरळ रेघेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर बी. ए. झालं, बी. एड. झालं, नोकरी लागली, दोन-तीन स्थळं येऊन गेली. टीम बहुतेक वेळा हरत राहिली. बाई रेघ सोडून काही मागं गेल्या नाहीत.

शाळेच्या मुख्याध्यापिका उजागरे बाईंनी त्यांना एकदा ऑफिसात बोलावून घेतलं.

"मिस साळवे, पालकांच्या तक्रारी येतात. बापयांच्या घोळक्यात उभं राहून शिक्षिकेनं ओरडायचं, हे बरं दिसतं का?"

"बरं दिसावं म्हणून ओरडत नाही मी," रोझीबाई म्हणाल्या. "ऐकू जावं म्हणून ओरडते."

"तुम्हाला माझं म्हणणं कळलंय."

"कळलंय. शाळेत तुमचा शब्द मोडला तर सांगा. शाळा सुटल्यावर घसा माझा आहे."

उजागरे बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी विषय तिथंच थांबला.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. मैदानावरचं गवत जळून गेलं आणि खालचा मुरूम उघडा पडला. पडेल त्या पोराच्या गुडघ्याची सालपटं निघायची. हॉस्टेलच्या मेसमध्ये लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीच्या, भाकऱ्या आल्या. आणि नेमकी त्याच वर्षी टीम जिंकायला लागली.

त्याचं कारण होता गोरक्ष. जामखेडपलीकडच्या खर्ड्याचा पोरगा, दोन वर्षांपूर्वी कॉलेजात आला तेव्हा त्यानं फुटबॉल हातातसुद्धा धरला नव्हता. बूट घातले की त्याला चालता येईना, म्हणून पहिलं वर्षभर अनवाणीच खेळला. पण बॉल घेऊन सुटला की ढेकळांतून ससा पळावा तसा पळायचा. या वर्षी सेंटर फॉरवर्डला उभं राहून त्यानं एकामागून एक गोल मारले, आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत कॉलेज पहिल्यांदाच शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलं. समोर पुण्याचं कॉलेज. सामना नगरलाच, शनिवारी, आपल्याच मैदानावर.

त्या आठवड्यात गोरक्ष घरी जाऊन येतो म्हणून गेला तो परतलाच नाही.

रोझीबाई बुधवारी संध्याकाळी सराव बघायला गेल्या तर सेंटरला दुसराच पोरगा. त्यांनी कॅप्टन सहादेवला हाक मारली.

"गोरक्ष कुठंय?"

"तो नाही येणार, बाई." सहादेवनं कपाळावरचा घाम बाहीला पुसला. "त्याच्या आईच्या हातावर दगड पडला. बोटं चेचलीत. दुष्काळी कामावर दोघांची नावं होती, आता तो एकटाच खडी फोडतोय. एक दिवस गैरहजर राहिला तर नाव कापतात, अन् नावासाठी लोक रांगेत उभेच आहेत. निरोप आला होता."

"मग?"

"मग काय. खेळाचे सर म्हणाले, त्याची अडचण खरी आहे, जाऊ दे."

"सरांनी जाऊ दिलं," रोझीबाई म्हणाल्या. "मी कशाला जाऊ देऊ?"

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांनी आपल्या तासाची तजवीज शेजारच्या वर्गावरच्या बाईंना सांगितली, "उजागरे बाईंना सांगा, मी कामाला गेलेय," एवढा निरोप ठेवला आणि जामखेडची एस्टी धरली. जामखेडला गाडी बदलून खर्ड्याला उतरल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. गोरक्षचं घर कुणालाही विचारलं तरी सांगत होतं. फुटबॉल खेळणारा गावात तो एकटाच.

गोरक्षची आई छबूबाई उंबऱ्यात बसली होती. उजव्या हाताला धुडकं गुंडाळलेलं. गोरक्ष आत चुलीपुढं भाकरी थापत होता. बाईंना बघून तो पिठाच्या हातानंच उठला.

"बाई? तुमी इथं?"

"शनिवारी मॅच आहे," रोझीबाई म्हणाल्या, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

"माझं जमत न्हाई, बाई. सहादेवला सांगितलंय."

"सांगितलंस. मी ऐकलं. आता पुढं बोल."

गोरक्ष चिडला. त्याला बाईंचा राग नव्हता आला, पण तीन दिवस गिळलेला राग बाहेर पडला. "फुटबॉलनं पोट भरतं का, बाई? तुमी रेघंला उभ्या ऱ्हाऊन ओरडता, आमाला बरं वाटतं. पण हितं आईचा हात गेलाय. मी तिकडं बॉलमागं पळू, अन् हिनं काय करायचं?"

"नाही भरत पोट," रोझीबाई म्हणाल्या. "माझं पण नाही भरलं कधी. म्हणून सोडायचं? दुष्काळानं शेत घेतलं, विहीर घेतली. आता हेही त्याला आपणच नेऊन द्यायचं का?"

गोरक्ष हाताचं पीठ चोळत राहिला. मग बाईंनीच विचारलं, "तिथं नावापुढं माणूस पाहिजे ना? मी बसते तुझ्या जागी. उद्या आणि परवा."

छबूबाई आधी त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग खो-खो हसली. "मास्तरीनबाई, खडी म्हंजी खडू न्हाई!"

"माहीत आहे."

"फोड येत्यात हाताला. कपच्या उडत्यात डोळ्यात."

"येऊ देत."

"अन् मॅच? तुमाला बघायची नसंल?" छबूबाईनं विचारलं. "एवढ्या लांबून आलाव त्याच्यापायी."

हा विचार रोझीबाईंनी एस्टीत बसल्यापासून बाजूला ढकलून ठेवला होता. पंधरा वर्षं त्यांनी नगरची एकही मॅच चुकवली नव्हती, आणि पहिल्यांदाच आलेला शेवटचा सामना चुकवायचा. त्या म्हणाल्या, "मी रेघेपाशी असून गोरक्ष नसेल, तर बघू काय? तो तिथं पाहिजे. मी नसले तरी चालेल."

छबूबाईचं हसू थांबलं. तिनं डाव्या हातानं तांब्या उचलला, त्या टंचाईत तो काठोकाठ भरला आणि बाईंच्या पुढं केला.

सकाळी खर्ड्याच्या किल्ल्यामागच्या माळावर काम सुरू झालं. रस्त्यासाठी खडी फोडायची. बाया-बापयांच्या ओळी बसलेल्या, प्रत्येकापुढं दगडांचा ढीग. हजेरी घेणारा कारकून छगन गोरक्षच्या नावापाशी आला आणि थबकला.

"ह्या कोण?"

"गोरक्षची बदली," रोझीबाई म्हणाल्या.

"अशी बदली नसते, बाई. नाव एकाचं अन् तोंड दुसऱ्याचं? वर कळलं तर माझी नोकरी जाईल."

"मग तोंडाकडं कशाला बघतूस?" छबूबाई मागून कडाडली. "ढिगाकडं बघ! सांच्याला खोक्यात खडी मोजून घेतूस का मान्सं मोजून घेतूस?"

आजूबाजूच्या बायांनी हातोड्या थांबवल्या. छगननं सगळीकडं नजर फिरवली. गावातलाच माणूस, या सगळ्यांत त्याला रोज वावरायचं होतं. "बरं," तो पडत्या आवाजात म्हणाला. "पण माप कमी भरलं, तर उद्या नाव कापनार. मग माज्याकडं येऊ नका."

"कापा," रोझीबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

गोरक्ष अजून पिशवी घेऊन घुटमळत उभा होता. बाईंनी वर न बघताच त्याला सांगितलं, "जा. एस्टी चुकेल. आणि बॉल डाव्या पायावर घेत जा, उजव्यावर तू नेहमी जास्त वेळ लावतोस."

पहिला दगड फुटलाच नाही. तो उडाला आणि शेजारणीच्या नडगीवर बसला. शेजारीण रंगुबाई नावाची. तिनं कळवळून नडगी चोळली, मग बाईंच्या बोटांना चिंध्या बांधून दिल्या आणि दगड पायानं कसा धरायचा, कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून मान कशी वळवायची, ते दाखवलं. दुपारपर्यंत बाईंच्या तळहाताला फोड आले, दुपारनंतर ते फुटले. हातोडीच्या दांड्याला रक्त लागलं. कुणीतरी विचारलं, "कोन गं ही बाई? जात कोनची?"

"टीमवाली हाय," छबूबाईनं सांगितलं. ती डाव्या हातानं बाईंपुढं दगड सरकवत होती. "गोरक्षाच्या टीमवाली. बस झालं का?"

संध्याकाळी छगननं खोकं लावलं. खडी कमी भरली. फार नाही, पण कमी.

"उद्या दोन्ही दिवसांचं मिळून भरून देते," रोझीबाई म्हणाल्या.

"आन् न्हाई भरलं तर?"

"भरेल म्हणाले ना."

त्यांचा सूर असा होता, की जणू चूक उत्तरावर अडून बसलेल्या वर्गातल्या पोरीशीच त्या बोलत होत्या. छगननं डोकं खाजवलं आणि पुढं गेला.

शनिवारी तांबडं फुटायला बाई माळावर हजर होत्या. हात सुजले होते, मूठ नीट मिटत नव्हती. त्यांनी हातोडी फडक्यानं हातालाच बांधून घेतली. सकाळभर कुणाशी बोलल्या नाहीत. ऊन कललं तसं मात्र त्यांचं लक्ष उडायला लागलं. सारखी मान वर करून त्या सूर्याकडं बघायच्या.

"काय हो?" रंगुबाईनं विचारलं.

"आता सुरू झाली असेल," रोझीबाई म्हणाल्या. "आता मैदानावर उतरले असतील."

"मंग काय करत्यात त्ये?"

बाई सांगायला लागल्या. आपली अकरा, त्यांची अकरा. त्यांच्या जाळ्यात बॉल घालायचा, हात लावायचा नाही. पुणेकरांचे बॅक कसे धिप्पाड आहेत, गोरक्ष त्यांच्यामधून कसा निसटतो. सांगता सांगता आवाज चढला. हातोडी चालूच होती. एका मोठ्या दगडावर घाव बसला आणि बाईंच्या तोंडून नेहमीसारखी आरोळी निघाली,

"मार, गोरक्ष! मार!"

माळावर सगळे चमकले. किडकिडीत बाईच्या गळ्यातून असा आवाज निघेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. बाई स्वतःही क्षणभर ओशाळल्या. पण छबूबाईनं डावा हात उंचावला.

"मार, लेकरा! मार!"

मग रंगुबाई ओरडली. मग पलीकडची ओळ. ज्यांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता, त्या बाया प्रत्येक घावाला "मार!" म्हणत दगड फोडायला लागल्या. टँकरची वाट बघून, मिलोची भाकरी खाऊन, सकाळ-संध्याकाळ माना खाली घालून जे आत साचलं होतं, ते सगळं त्या एका शब्दातून बाहेर पडत होतं. कुणी गोरक्षच्या नावानं ओरडत होतं आणि कुणी कुणाच्या, ते ज्याचं त्याला ठाऊक.

छगन शिट्टी फुंकत धावत आला. त्याला वाटलं मोर्चाच निघाला.

रोझीबाईंनी वर बघितलं. "हाफ टाइम झाला का?" त्यांनी विचारलं.

सगळा माळ हसला. छगनलाही हसू आवरेना. संध्याकाळी खोकं दोन्ही दिवसांचं काठोकाठ भरलं, आणि छगननं हजेरीवर खूण केली.

रविवारी बाजार, कामाला सुट्टी. दुपारच्या एस्टीनं गोरक्ष आला. कपाळावर टाका घातलेला, चालताना डावा पाय ओढत होता. रोझीबाई छबूबाईच्या अंगणात हळदीचा लेप लावून बसल्या होत्या. त्याला बघून उभ्या राहिल्या, पण विचारायचा धीर होईना.

"बरोबरी," गोरक्ष म्हणाला. "एक-एक. जादा वेळ खेळलो, तरी सुटंना. मंगळवारी परत खेळायचंय."

"गोल कुणी मारला?"

"मीच. डाव्या पायानं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग आपल्या हातांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मंगळवार. म्हणजे उद्या आणि परवा. बरं, बसते मी."

"न्हाई!" गोरक्ष म्हणाला. "तुमचे हात बघा. मला खेळायचंच न्हाई मंग."

"तू गप ऱ्हा," छबूबाई मध्ये पडली. ती उठली, दारात जाऊन तिनं रंगुबाईला हाक मारली. तिच्यासोबत आणखी दोघीजणी आल्या. छबूबाईनं सांगितलं, "ह्याचं दोन दिसाचं काम आपून वाटून घ्यायचं. कबूल?"

"त्यात काय इचारायचं?" रंगुबाई म्हणाली. "छगन्या काय करतोय ते बघू की."

छबूबाई वळली. "मास्तरीनबाई, तुमी बी जावा ह्याच्यासंगं. तिथं वरडायला मानूस नको का? हितलं आमी बघतो."

सोमवारी सकाळी दोन्ही हातांना पट्ट्या बांधून रोझीबाई उजागरे बाईंसमोर उभ्या होत्या. दोन दिवस न विचारता कुठं गेला होतात, असं विचारल्यावर त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं.

"खडी फोडत होतात? मॅचसाठी?"

"हो. आणि उद्या साडेतीनला परत मॅच आहे. मला शेवटच्या दोन तासांची सुट्टी हवी."

"अजिबात नाही. आणि न विचारता गेलात, तर प्रकरण संस्थेकडं जाईल."

मंगळवारी दुपारी रोझीबाई सातवीच्या वर्गावर गेल्या. भूगोलाचा तास होता. त्यांनी नकाशा भिंतीवर अडकवला, मुलींकडं बघितलं आणि नकाशा पुन्हा गुंडाळला.

"चपला घाला," त्या म्हणाल्या. "दोन-दोनची रांग."

नगरच्या त्या मैदानावर चुन्याच्या रेघेला एवढ्या मुली उभ्या राहिलेल्या तोवर कुणी पाहिल्या नव्हत्या. पुरुष बाजूला सरकले, काहींनी नाकं मुरडली. पहिली पाच मिनिटं मुली लाजून गप्प होत्या. मग बाईंनी घसा मोकळा केला, आणि त्यांच्यामागून सातवीचा वर्ग असा ओरडला, की पुण्याचा गोली वळून बघायला लागला.

पुणेकरांनी आधी गोल मारला. हाफ टाइमनंतर गोरक्षनं तो फेडला, मुरमावर पोट खरडत, पडता पडता. त्याचा गणवेश छातीवर फाटला. मुलींनी एकमेकींच्या वेण्या ओढल्या. जादा वेळेत मात्र आपल्या पोरांचे पाय उचलेनात. शेवटी शेवटी एक कॉर्नर आला, गर्दीत बॉल कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि आपल्याच जाळ्यात गेला. रेफरीनं शिट्टी मारली. हरलो.

लोक पांगले. पोरं मैदानात जिथल्या तिथं आडवी झाली. सहादेव तोंड झाकून बसला होता. रेघेवरून मात्र ओरडणं चालूच होतं. रोझीबाई एकेकाचं नाव घेत होत्या आणि मुली त्यांच्यामागून ते नाव आभाळात फेकत होत्या. पुण्याहून आलेला एक पोरगा हसला, "हरलात, बाई! कळलं नाही का?"

"कळलं की," रोझीबाई म्हणाल्या. "जिंकल्यावर कुणीही ओरडतं. हे तुला जमतंय का बघ."

उजागरे बाई तेवढ्यात फाटकातून तरातरा आल्या. "मिस साळवे! मुलींना आत्ताच्या आत्ता शाळेत न्या."

"नेते. टीम मैदानाबाहेर गेली की नेते."

"मी हुकूम देतेय."

"हो, ऐकलं मी. तुम्हीही थांबा पाहिजे तर. अजून ती पोरं उठली नाहीत."

उजागरे बाई थांबल्या खऱ्या, रागानं थरथरत. सहादेव उठला. त्यानं गोरक्षला हात दिला. अकराजण लंगडत रेघेपर्यंत आले आणि मुलींसमोर मान झुकवून गेले. मग रोझीबाईंनी दोन-दोनची रांग लावली.

संस्थेनं चौकशी केली. चूक कबूल करा, विषय मिटवू, असं पंचांनी सुचवलं. रोझीबाई म्हणाल्या, "न विचारता गेले ही चूक. मुलींना मॅच दाखवली ही नाही. पहिलीची माफी मागते, दुसरीची नाही मागणार." जूनमध्ये त्यांची बदली कोल्हारच्या शाळेत झाली. नगर तिथून एस्टीनं तासा-दीड तासावर. बाईंनी सामान लावण्याआधी स्टँडवर जाऊन शनिवारच्या गाड्यांच्या वेळा विचारून घेतल्या.

पुढच्या मोसमातल्या पहिल्या मॅचला त्या आल्या तेव्हा पाऊस झाला होता, मैदानावर हिरवळ धरली होती. गोरक्ष कॅप्टन होता. रेघेपाशी शाळेच्या बऱ्याच मुली आधीच येऊन थांबल्या होत्या, शाळा सुटल्यावरच्या वेळात, त्यामुळं कुणाला काही बोलता येत नव्हतं. आणि त्यांच्यात मध्यभागी, इरकली लुगड्याचा पदर खोचून, छबूबाई उभी होती. बोटं वाकडीच सांधली होती, पण हात पुन्हा कामाला लागला होता. ती जिल्ह्याच्या गावाला आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

"कंच्या जाळ्यात घालायचा म्हनता?" तिनं विचारलं.

"त्या. आणि हाफ टाइमनंतर ह्या."

"ह्ये काय आनिक!" छबूबाई म्हणाली आणि शिट्टी वाजायच्या आतच ओरडायला लागली.

मागं खुर्ची टाकून बसलेला एक गृहस्थ वैतागला. "अहो बाई, खाली बसा. आम्हाला काही दिसत नाही."

छबूबाईनं मान वळवून त्याच्याकडं एकदा बघितलं.

"मंग उभा ऱ्हा की," ती म्हणाली, आणि परत मैदानाकडं वळली.